खुंट्या कोरणाऱ्या बाई

राजापेठेतल्या त्या घरी मी सामान घेऊन पोहोचले, तेव्हा घरमालकीण बाईंनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच विचारलं नाही. त्या फाटकात आल्या, ऑटोत मान घालून त्यांनी माझं सामान पाहिलं आणि म्हणाल्या, "थे स्टूल कायचं हाय? सागाचं का बाभळीचं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "अकोल्याच्या घरचं जुनं आहे."

त्यांनी स्टूल बाहेर काढलं, उलटं केलं, नखाने खरवडलं आणि नाकाशी नेलं. "साग. मोडलं का फेकाचं नाई, मले द्याचं. या घरात एवढी एकच अट. बाकी तू कवा येतं, कवा जातं, मले घेणंदेणं नाई."

बँकेची बदली घेऊन मी अमरावतीत आले होते आणि पुढे काही वर्षं त्या घरात राहिले. ते स्टूल शेवटपर्यंत मोडलं नाही, याचं बाईंना थोडं वाईटच वाटलं असावं.

त्यांना सगळी गल्ली 'बाई' म्हणायची, कारण मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. वर्गात पुस्तकी मराठी आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की तेल्हाऱ्याची. माहेर तिकडचं, कापसाच्या शेतीचं. तिकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात, तशा त्याही म्हणायच्या. सासर वकिलांचं. पती, वकीलसाहेब, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता मुलगा पुण्यात होता. वरच्या मजल्यावर एक शिकवणी चालायची. संध्याकाळी वर पोरं घोकायची आणि खाली मागच्या पडवीत बाई पटाशीवर हातोडी मारायच्या. शिकवणीच्या सरांनी एकदा आवाजाची तक्रार केली. बाई म्हणाल्या, "तुया पोराइचा आवाज मी ऐकतो का नाई? मंग तू मायावाला ऐक."

बाई लाकूड कोरायच्या, आणि तेही लोकांनी टाकून दिलेलं. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे आरे, खाटेचे पाय, पाडलेल्या घरांच्या चौकटी, लोखंडी आल्यावर गोठ्यात पडून राहिलेल्या पेरणीच्या लाकडी तिफणी. यातून त्या घरात लागणाऱ्या वस्तू करायच्या. आरशाच्या चौकटी, दिवा ठेवायच्या फळ्या, दारावर लावायच्या आंब्याच्या पानांच्या पट्ट्या. आणि सगळ्यात जास्त खुंट्या. खुंटीच्या टोकाला पोपटाचं डोकं असायचं आणि मानेवर बारीक बारीक पिसं. खुंट्यांची ओळ एका फळीवर बसवली की ते खुंटाळं. त्यांच्या हातचं खुंटाळं राजापेठेत कितीतरी घरांत होतं.

कुठून शिकलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की लहानपणी शेतात औजारं दुरुस्त करायला सुतार यायचा. तो कडुनिंबाखाली काम करायचा आणि ही पोरगी समोर मांडी घालून बसायची. एक दिवस तिने त्याचा लाकूड तासायचा वाकस उचलला, तर बापाने हातातून काढून घेतला. "मंग मी गणित केलं," बाई म्हणाल्या, जणू दुसरं काही उरलंच नव्हतं. निवृत्तीनंतर वकीलसाहेबांचं कायद्याच्या पुस्तकांचं कपाट एका बाजूने वाळवीने खाल्लं. पुस्तकं कुणा तरुण वकिलाला दिली आणि चांगल्या राहिलेल्या फळीतून बाईंनी पहिली खुंटी काढली. ती इतकी वाकडी होती, की तिच्यावर टोपीसुद्धा राहत नसे. त्यांनी ती स्वयंपाकघरात लावली आणि चहाची गाळणी अडकवली.

त्यांच्या मोपेडच्या पुढे कायम एक पोतं आणि पोत्यात एक करवत असे. घर पाडायचं काम दिसलं की मोपेड थांबलीच. लग्नाला गेल्या तर यजमानांच्या दिवाणाखाली वाकून बघणार. एकदा एका मयतीला गेल्या होत्या आणि तिथून चौरंगाचा तुटलेला पाय घेऊन आल्या. मी नुसतं पाहिलं. "इचारून आनला," त्या म्हणाल्या. "अन् रडून झाल्यावर इचारलं."

पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या आधी लोक लाकडी बैल मागायला यायचे. बाई सरळ नाही म्हणायच्या. "बैल सारेच करतात. तुमच्या घरी सदरा कुठं टांगता, थे सांगा."

वस्तू दिली तरी ती त्यांच्या मनातून सुटायची नाही. ती वापरात पाहिजे, एवढं त्यांचं म्हणणं. ओळखीच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी हौसेने तीन पोपटांचं खुंटाळं दिलं होतं. काही महिन्यांनी त्या मला घेऊन तिथे गेल्या, तर खुंटाळं काचेच्या कपाटात, आतून दिवा लावलेला. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आलेला प्रत्येक माणूस विचारतो, बाई!" बाईंनी कपाट उघडलं, खुंटाळं काढलं आणि काखेत घेतलं. "तुमची पर्स सोफ्यावर पडली हाय, साहेबांचं स्टेथोस्कोप टेबलावर. अन् माये पोपट काचेत." आम्ही चहा न घेता निघालो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः ड्रिल मशीन घेऊन आले आणि भिंतीत कुठे लावू ते विचारून खुंटाळं परत घेऊन गेले.

हे सगळं गमतीचं होतं. पण मला बाई आठवतात त्या परतवाड्याच्या तुळईपासून.

वंदना ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन परतवाड्याला गेलेली, घरी शिवणकाम करायची. उन्हाळ्यात एका दुपारी तिच्या घराला आग लागली. माणसं वाचली, पण जुनं लाकडी माळ्याचं घर, त्यात कपडे, मशीन, देव, सगळं गेलं. बातमी कळली तशा बाई निघाल्या. रविवार होता, म्हणून मीही सोबत गेले.

वंदनाचं कुटुंब त्याच गल्लीत एका भाड्याच्या खोलीत होतं. ती बाईंच्या गळ्यात पडून रडली. तिची सासू, पंचफुलाबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. वंदनाने आम्हाला बाहेर आणून हळू आवाजात सांगितलं, "वायरिंगनं लागली म्हणतात सगळे. पण त्या दिवशी आई देवापुढे दिवा लावून शेजारी गेल्या होत्या. तेव्हापासून बोलत नाहीत. दिवा लावत नाहीत, चुलीजवळ येत नाहीत."

 बाई सरळ जळलेल्या घरात गेल्या. काळ्या तुळया अंगणात ओढून टाकल्या होत्या, थंडीत शेकोटीला होतील म्हणून. बाईंनी एका मोडून पडलेल्या तुळईच्या तुकड्यावर करवत लावली. वरून कोळसा पडला आणि आतून तांबूस, तेलकट सागवान दिसलं. "हे मी नेतो," त्या वंदनाला म्हणाल्या. "तुया नव्या घरात याचं खुंटाळं लागन."

परतताना बस स्टँडवर कंडक्टरने ती तुळई पाहिली आणि दारात आडवा झाला. "बाई, हे मसनातून उचलून आनलं का? बसमधी नाई जमत."

"काहून नाई जमत?"

"लांब हाय."

"मंग आखूड करतो." आणि बाईंनी बसच्या पायरीवर तुळई टेकवली, पोत्यातून करवत काढली आणि कापायला सुरुवात केली. बस सुटायची वेळ झाली होती. उतारू खिडक्यांतून माना काढून बघत होते. कोणी हसत होतं, कोणी ओरडत होतं. अर्ध्यावर बाईंचा हात थांबला. मला वाटलं, दमल्या. पण उजवा हात करवतीवर नुसताच थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला, थोडा वेळ थांबल्या आणि पुन्हा कापू लागल्या. शेवटी कंडक्टरच खाली उतरला. त्याने करवत घेतली, उरलेलं कापलं आणि दोन्ही तुकडे मागच्या लांब सीटखाली सारले.

 अमरावतीला उतरताना बाई म्हणाल्या, "कोनाले सांगजो नको."

न सांगून ते लपणारं नव्हतं. थरथर वाढत गेली. चहाचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे, औषधं घ्या आणि धारदार हत्यार हातात धरू नका. दिवाळीला मुलगा आला तेव्हा बाईंच्या अंगठ्याला पट्टी होती. पटाशी निसटली होती. तो शांत स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. जाताना त्याने सगळ्या पटाश्या एका फडक्यात गुंडाळल्या आणि गाडीत ठेवल्या. "आई, मला तिकडे झोप लागत नाही," एवढंच म्हणाला.

बाईंनी विरोध केला नाही. गाडी गेल्यावर त्या पडवीत जाऊन बसल्या. मला वाटलं, आता हे संपलं. मी जवळ गेले तर त्या म्हणाल्या, "बरं केलं त्यानं. माया हातानं मले सुटली नसती." मग हत्यारांच्या पेटीत चाचपून त्यांनी एक जाडी कानस काढली. "डॉक्टरनं धार नको म्हटलं. लाकूड नको म्हटलं नाई."

तेव्हापासून त्यांचे पोपट बदलले. कानशीने पिसं निघत नाहीत. चोच जाड राहते, डोळ्याच्या जागी नुसता खळगा. आधीचे पोपट पाहिलेले लोक हे नवे हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि परत ठेवायचे. शेजारच्या काकू म्हणाल्याच, "बाई, पयल्यासारखे नाई झाले." बाईंनी खुंटी त्यांच्या हातातून घेतली, मानेवरून बोट फिरवलं. "पयल्यासारखे नाईच हायेत. पोपट हायेत का नाई, थे सांगा." काकूंनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हाव, पोपट तर हाय."

तुळईच्या खुंटाळ्यावर मात्र काम पुढे सरकेना. लाकूड जुनं, कठीण. दोन्ही हातांनी कानस धरली की लाकूड हलायचं. मी सुट्टीच्या दिवशी धरून बसायचे, पण बाईंचं समाधान होत नव्हतं. एका रविवारी त्यांनी ते अर्धवट खुंटाळं पोत्यात घातलं आणि मला म्हणाल्या, "चाल, परतवाड्याले जाऊ."

वंदनाच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. कुटुंब अजून भाड्याच्याच खोलीत होतं आणि पंचफुलाबाई भिंतीपाशी. बाईंनी पोतं उघडलं तसं तिने पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं. लाकूड तिने ओळखलं होतं. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "थे जळकं लाकूड घरात आनू नका, बाई."

"घरात नाई आनत. वट्यावर बसतो." बाई ओट्यावर बसल्या, खुंटाळं मांडीवर घेतलं. "पन धराले कोनी पायजे. माये हात पाहा कसे होऊन राह्यले."

वंदना पुढे झाली. मीही झाले. बाईंनी आम्हा दोघींना हाताने मागे सारलं आणि दारातून आत बघत म्हणाल्या, "तुमी धरा."

पंचफुलाबाई हलली नाही. बाईंनी एकटीनेच काम सुरू केलं. कानस एकदा चालायची आणि लाकूड मांडीवरून घसरून ओट्यावर पडायचं. त्या उचलायच्या, पुन्हा मांडीवर घ्यायच्या, पुन्हा पडायचं.  वंदना रडकुंडीला आली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाकूड पडत होतं आणि त्या उचलत होत्या.

शेवटी आतून पंचफुलाबाई चिडून म्हणाली, "तुमच्यानं व्हत नाई तं कायले करता?"

"दुसरं काय करू?" बाई म्हणाल्या.

ती उठली. भिंतीचा आधार घेत ओट्यावर आली, समोर बसली आणि दोन्ही हातांनी लाकूड दाबून धरलं. बाईंनी कानस चालवली. मागच्या बाजूला राहिलेला कोळसा झडून पंचफुलाबाईच्या हातांवर, लुगड्यावर पडत होता. तिने आपले काळे झालेले पंजे पाहिले, पण लाकूड सोडलं नाही.

"पाहा," बाई म्हणाल्या, "जळकं किती आत गेलं? बोटभर. खालचं सारं जसंच्या तसं हाय."

कानस पुन्हा चालू लागली. मग पंचफुलाबाई लाकडाकडे बघतच म्हणाली, "दिवा मीच लावला व्हता."

"मालूम हाय," बाई म्हणाल्या. "घट्ट धरा."

मी तेव्हा तिशीच्या आत होते. त्या जागी मी असते तर 'तुमची काही चूक नाही' असं काहीतरी बोलले असते. वंदनाने, तिच्या नवऱ्याने, सगळ्या गल्लीने ते पंचफुलाबाईला किती वेळा सांगितलं असेल. तिने एकदा डोळे पुसले, तोंडावर काळा पट्टा उमटला आणि तिने खरंच घट्ट धरलं.

ते खुंटाळं तिथेच, त्या ओट्यावर पुरं झालं. बाई जमेल तसं बसने जायच्या. पुढे पुढे कानस पंचफुलाबाईच्या हातात असायची आणि बाई लाकडावर बोट ठेवून सांगायच्या, इथं, अजून थोडं, बस. शेवटी जवसाचं तेल चोळलं तेव्हा सागाचा रंग असा उघडला, की वंदनाचा नवरा, जो या सगळ्याला आतून वैतागला होता, तोही दारात थबकला. नव्या घराच्या वास्तूला पाहुण्यांत कुजबुज झालीच, जळक्या घराचं लाकूड पुन्हा घरात कशाला म्हणून.  पंचफुलाबाईने नातवंडांची दप्तरं आणून एकेका पोपटाच्या मानेत अडकवली. देवापुढचा दिवा मात्र त्या दिवशीही सुनेनेच लावला. एका खुंटाळ्याने सगळं सुटत नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. त्या दिव्याचं त्यांनी नावही काढलं नाही.

पण पुढल्या आठवड्यात पंचफुलाबाई स्वतः बसमध्ये बसून राजापेठेत आली. पिशवीत भाकरी, ठेचा आणि कुठल्याशा खाटेचा पाय होता. मग ती येतच राहिली. शिकवणीची पोरं वर आणि खाली या दोघी. सुरुवातीचं 'बाई, तुमी' कधी 'तू' झालं ते त्यांनाही कळलं नसेल. दोघी भांडायच्या भरपूर. पंचफुलाबाईला चोच टोकदार हवी असायची, बाईंना जाड. "टोकदार मोडते," बाई म्हणायच्या. "मोडू दे, दिसते तं चांगली," ती म्हणायची.

मधे माझी बदली अकोल्याला झाली. फोन व्हायचा, पण बाईंचा आवाज बारीक होत चालला होता. एकदा त्या न्हाणीघरात पडल्या. मग वंदनाचा फोन आला, की मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेतो आहे, शनिवारी निघणार. मी सकाळच्या गाडीने अमरावतीला गेले.

दारात गाडी उभी होती. बाई पडवीत नव्या सुती साडीत खुर्चीवर बसल्या होत्या, पायाशी सुटकेस. दोन्ही हात मांडीवर, आणि ते थांबत नव्हते. मुलाने माझ्यासाठी खुर्ची आणली. "फोनवर विचारलं की बरी आहे म्हणते," तो मला म्हणाला. "आवाजावरून मला काही कळत नाही. तिथे निदान समोर दिसेल." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.  बाईंनीही जायचं मान्य केलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि पंचफुलाबाई आली. निरोप द्यायलाच आली होती, डोळे सुजलेले होते. पण काखेत तिफणीच्या लाकडाचा एक जड तुकडा होता. ती बाईंजवळ गेली आणि तिने तो तुकडाच पुढे केला. "याच्या मधातच गाठ हाय. कानस चालत नाई. कसं करू?"

बाईंनी तुकड्यावर हात ठेवला. बोटं गाठीवर आली तसं त्यांचं तोंड बदललं. "गाठीशी भांडू नको. तिले डोळा कर. पोपट इकळून फिरव."

"इकळून कसा फिरवू? मान कुठं यीन?"

"दाखवतो." बाई खुर्चीवरून उतरून खाली बसल्या.

"आई, साडीला भुसा लागेल," मुलगा म्हणाला.

"झटकता येते."

मुलगा घड्याळ बघत उभा राहिला. पंचफुलाबाईने कानस काढली. गाठीच्या कडेने लाकूड झिजू लागलं आणि बाईंचं बोट पुढे पुढे सरकत राहिलं. दुपार झाली. मी खिचडी टाकली, सगळ्यांनी खाल्ली. मुलगा दोनदा म्हणाला, "आई, निघायला पाहिजे." दुसऱ्या वेळी बाईंनी मान वर केली.

"तू निघ, बाळा. इचं अर्धं राह्यलं हाय."

"मग उद्या निघू?"

"उद्या इले दुसरं काई सुचन. मी पुन्यात पडून राहीन, तुया डोळ्यासमोर राहीन, सारं खरं. पन मी तिथं काय करू, थे सांग."

त्याने उत्तर शोधलं. मी त्याच्याकडे बघत होते, त्याने खरंच शोधलं. तो आईच्या बोटाकडे बघत राहिला. थरथरत होतं, पण लाकडावर ज्या जागी हवं तिथेच पडत होतं. मग त्याने सुटकेस उचलली. मला वाटलं, गाडीत ठेवणार. तो ती आतल्या खोलीत घेऊन गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि साड्या परत रचल्याचा.

बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ उभा राहिला. "इथे घरचा डबा चांगला कोण देतं?" त्याने हळूच विचारलं. "आणि रात्री सोबतीला राहील अशी कोणी बाई?"

मागच्या गल्लीत एक जण होती, विश्वासाची. चला, दाखवते, असं म्हणून मी त्याच्याबरोबर निघाले. आम्ही फाटकाशी पोहोचलो तर पडवीतून बाईंचा आवाज आला, वर्गात येत असेल तसा खणखणीत. "लय जोर नको लावू, पंचफुला. घाई कोनाले हाय?"